झडती कोणाची?

विनोदी कविता ही सर्वांत सोपी कविता, असा आपल्याकडे एक समज आहे. गंभीर कवितेचा अर्थ लागला नाही तर वाचक निमूटपणे स्वतःला दोष देतो. पण विनोदी कविता कळली नाही, असे कबूल करणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. हसू आले म्हणजे कविता कळली, असा सरळ हिशेब! दिवाळीच्या फराळाला घरातले कोणी तरी एखादी मिस्कील कविता मोठ्याने वाचते, सगळे हसतात, चकलीचा तुकडा मोडतात आणि पान उलटतात. आता आजोबा, सूनबाई, कॉलेजातला नातू आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकणारी कामाची बाई हे चौघे एकाच ओळीला हसले, एवढ्यावरून ते एकाच गोष्टीला हसले असे म्हणता येईल काय?

येणार नाही, असे मला वाटते. आणि ते का, हे सांगण्यासाठी मी वाचकांना जरा आडवाटेने गोंडपिपरीला नेणार आहे.

गोंडपिपरी म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे आग्नेयेकडचे टोक. बल्लारपूरहून आष्टी-आलापल्लीकडे निघालेली सडक येथून जाते. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. वर्धेपलीकडे तेलंगण, वैनगंगेपलीकडे १९८२ साली वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा. खाली या दोन्ही नद्या एकमेकींना भेटतात आणि प्राणहिता होऊन पुढे गोदावरीला मिळतात. मराठी, गोंडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा बाजाराच्या दिवशी कानांवर पडाव्यात, असा हा मुलूख. धानाच्या बांध्या, कापूस, आणि उरलेले रान. पुण्या-मुंबईच्या वाचकाला विनोदी कविता म्हटली की सभागृह, ध्वनिक्षेपक आणि टाळ्या आठवतात. इकडे ती आठवते पोळ्याच्या दिवशी, बैलांच्या घोळक्यात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, त्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचे रीतसर आवतन द्यायचे. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून, झुली घालून बैल तोरणाखाली उभे करायचे. तोरण तुटेपर्यंत जो वेळ असतो, त्यात झडत्या रंगतात. कोणी तरी आवाजी माणूस पुढे होतो, चार-सहा यमकांची एक झडती फेकतो, आणि शेवटी सारा गाव महादेवाचा गजर करतो. लगेच दुसऱ्या बाजूने दुसरी झडती येते. आरंभ देवादिकांपासून होतो. पण देवांवर फार वेळ कोणी रेंगाळत नाही. मग पाऊस, मग कपाशीचा भाव, मग सावकार, सरकार, चिक्कू मालक, आयतोबा जावई! पदरचे शब्द घालावेत, जुने गाळावेत. झडतीला कवी नसतो, किंवा असे म्हणा की जो म्हणेल तो कवी.

या शब्दाची व्युत्पत्ती मी पंडितांवर सोपवतो. पण पोलीस घराची घेतात तीही झडतीच, आणि ही जुळणी मला फार सूचक वाटते. पोळ्यातली झडतीसुद्धा काही तरी शोधायलाच आलेली असते. कोणाच्या घरात, एवढाच प्रश्न.

एकदा अशाच एका गावी एका धनवंत शेतकऱ्याच्या तोंडावर त्याच्या चिक्कूपणाची झडती झाली. नाव घेतले नव्हते; पण खुणा इतक्या उघड होत्या की परगावच्या मलाही त्या कळल्या. आणि सर्वांत मोठ्याने हसला तो हाच गृहस्थ! मला त्याचे कौतुक वाटले. किती हा मनाचा मोठेपणा, असे मी शेजारच्या एका म्हाताऱ्याला म्हणालो. त्याने डोक्याचा शेला सारखा केला आणि म्हणाला, "थो हासला नसता त सप्पाइले समजलं असतं ना जी, का थे त्याच्यावरच होतं म्हून."

उपरोधावर मी पुष्कळ वाचले आहे. एवढ्या थोड्या शब्दांत एवढे मला कोणी सांगितलेले नाही. माणूस हसतो तो विनोद कळला म्हणूनच नव्हे. आपण त्यात नाही हे दाखवण्यासाठीही हसतो. हसणे हा एक पुरावा असतो, आणि पुरावा नेहमीच खरा असतो असे नाही.

उपरोधाचे मूळ दुखणे हेच आहे की त्यात शब्द एका बाजूला चालतात आणि अर्थ दुसऱ्या. 'काय उदार माणूस!' यातले तिन्ही शब्द कोशात पाहिले तर माणूस उदारच ठरेल. मग तो कंजूष आहे हे आपल्याला सांगते कोण? या प्रश्नावर आपल्या देशात हजार वर्षांपूर्वी मोठा वाद झालेला आहे, आणि गंमत अशी की त्या वादाचे केंद्र आपल्याच भाषेच्या आजीकडे, महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'कडे आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या या संग्रहातली एक गाथा आहे. एक धार्मिक गृहस्थ गोदावरीकाठच्या झाडीत नेमाने येत असतो. तेथे आपल्या प्रियकराला भेटणारी एक चतुर स्त्री त्याला सांगते की, बाबा, आता तू खुशाल फिर. तुला त्रास देणारे ते कुत्रे मेले. कसे मेले? तर त्याच झाडीत राहणाऱ्या एका मस्तवाल सिंहाने त्याला मारले! शब्दांत आमंत्रण आहे, आश्वासन आहे. आणि अर्थ एवढाच की पुन्हा इकडे फिरकू नकोस.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ही गाथा उदाहरणादाखल घेतली आणि म्हटले, की जेथे शब्द 'ये' म्हणतो आणि कवितेचा अर्थ 'येऊ नको' असा होतो, तेथे शब्दाची एक तिसरीच शक्ती मानावी लागते, ती व्यंजना. पुढे महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहून हे साफ नाकारले. त्याचे म्हणणे, यात गूढ असे काही नाही, हे साधे अनुमान आहे. भित्रा माणूस, वाटेत सिंह; निष्कर्ष उघड आहे. दोघेही मोठे पंडित. पण मला त्या वादात एका तिसऱ्याच व्यक्तीची आठवण होते, ती म्हणजे त्या बिचाऱ्या धार्मिकाची. अर्थ पोचतो तो व्यंजनेने असो वा अनुमानाने असो; पण त्याच्या पोटात भीती नसती तर तो कोणत्याच वाटेने पोचला नसता. एखादा शूर पण मंद गडी तेथे असता, तर बाईंचे आभार मानून तो सरळ झाडीत शिरला असता. कवितेने दार उघडे ठेवले होते. अर्थाला आत घेतले ते ऐकणाऱ्याच्या स्वभावाने.

माझे म्हणणे येथेच आहे. उपरोध कळणे हे आपण बुद्धीचे काम समजतो. पण ते बुद्धीपेक्षा शीलाचे काम अधिक आहे. ज्याच्या ठायी कवितेतला दोष स्वतःत पाहण्याची तयारी नाही, त्याला उपरोधाचा अर्धाच अर्थ कळतो, मग तो कितीही विद्वान असो. आणि ज्याची तयारी आहे त्याला यमकाची मात्रा चुकली तरी अर्थ कळतो.

समर्थ रामदासांना ही मानवी खोड पक्की ठाऊक असली पाहिजे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. ओवीमागून ओवी मूर्खांचे नमुने येतात. तो समास घरात मोठ्याने वाचून पाहावा. प्रत्येक लक्षणाला कोणी ना कोणी मान डोलावतो आणि मनात शेजाऱ्याचे, साडूचे, साहेबाचे नाव घेतो. सगळा समास संपतो, आणि मूर्ख मात्र घरात एकही सापडत नाही! वाचक अशा रीतीने निसटणार, हे समर्थांना दिसले असावे. कारण त्याच दशकाच्या शेवटी, दहाव्या समासात, त्यांनी पढतमूर्खाची लक्षणे दिली. पहिल्या जाळ्यातून जो 'मी शहाणा' म्हणून सुटला, त्याच्यासाठी हे दुसरे जाळे. नुसत्या उपदेशकाला एक समास पुरला असता. दोन लिहायला माणसाचा स्वभाव हेरणारा मिस्कील डोळा लागतो.

नाथांची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती अधिक रोचक वाटते. एकनाथांच्या भारुडात एक सासुरवाशीण भवानीआईला नवस बोलते. नवस कशाचा, तर रोडग्याचा. आम्हां वैदर्भीयांना रोडग्याची थोरवी निराळी सांगायला नको. आणि मागणे काय? सासऱ्याचे बरेवाईट कर, सासूला ने, जाऊ-नणंद वाटेला लाव, आणि मला एकटीला सुखाने राहू दे! सोळाव्या शतकापासून महाराष्ट्र या भारुडाला हसतो आहे. हशा ओसरला की कीर्तनकार घाईघाईने पुढे येतात आणि सांगतात, अहो, यातली सासू म्हणजे खरी सासू नव्हे. ते देहातले विकार आहेत, आणि जिवाला त्यांच्यापासून सुटका हवी आहे. अर्थ बरोबर आहे, नाथांच्या मनातलाच आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घाईबद्दल. त्या घाईत मला थोडी भीती दिसते. कारण मंडपात बायकांच्या बाजूला ज्या हशाचा लोट उठला, तो काही विकारांच्या नाशाला उठलेला नव्हता. कोणी तरी आपल्या मनातले भर सभेत, आणि तेही एका संताच्या तोंडून, बोलले म्हणून तो उठला होता. अध्यात्माचा अर्थ वर चढण्यासाठी आहे. पण पुष्कळदा आपण तो खालची पायरी झाकण्यासाठी वापरतो. नाथांनी दोन्ही पायऱ्या उघड्या ठेवल्या होत्या. सासुरवाशिणीची इच्छा पापी आहे, हास्यास्पद आहे आणि खरी आहे. हे तिन्ही एकाच वेळी धरून ठेवता आले तरच ते भारूड कळले, असे मी म्हणेन.

आमच्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. त्यांत कारल्याच्या वेलाचे गाणे ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू 'नाही' असे एकदाही म्हणत नाही. ती म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. ते उगवू दे, वेल चढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, त्याची भाजी होऊ दे, आणि मग जा! नकाराला इतके गोड आणि इतके लांब रूप देणारी दुसरी रचना मला आठवत नाही. सरकारी कचेरीत ज्याने एकदा अर्ज केला आहे त्याला या सासूची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. सात-आठ वर्षांच्या पोरी हे गाणे खिदळत म्हणतात. त्यांना ते आज ठेक्यासाठी आवडते. आणखी पंधरा वर्षांनी त्याच पोरींना त्यातली सून कळेल. पण आणखी तीस वर्षांनी काय होते? तेव्हा त्यांतली एखादी ओट्यावर बसून नातीला तेच गाणे शिकवते, आणि घरात सूनबाईने माहेरचे नाव काढले की म्हणते, "जा ना बाई, कोण नाही म्हणतं! एवढं धान घरात येऊ दे." गाणे तिला पाठ असते. गाण्याने तिची झडती मात्र घेतलेली नसते.

येथे कोणी विचारील, की मग विनोदी कविता लिहायच्या तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण विनोद सारा एकाच जातीचा नसतो, आणि ती जात ओळखण्याची खूण जुन्यांनी सांगून ठेवली आहे. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले: स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. मी ही विभागणी जरा वाकवून वापरतो, त्याबद्दल पंडितांनी क्षमा करावी. माझ्या मते चांगली विनोदी कविता परस्थ म्हणून सुरू होते आणि आत्मस्थ होऊन संपते. इंग्लंडच्या हॉब्ज नावाच्या तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात सांगितले की हसणे म्हणजे दुसऱ्याच्या उणेपणावरून स्वतःच्या मोठेपणाचा अकस्मात झालेला साक्षात्कार. कवितेची पहिली ओळ वाचताना हॉब्ज बरोबर असतो. शेवटच्या ओळीपर्यंत तो बरोबरच राहिला, तर कविता फसली असे समजावे.

केशवकुमारांचे उदाहरण घ्या. आचार्य अत्र्यांनी तरुणपणी या नावाने विडंबने लिहिली. 'झेंडूची फुले' हा त्यांचा संग्रह. नावातच खोडी आहे. इतर कवी गुलाब-पारिजातकाच्या गोष्टी करीत असताना याने तोरणाला ओवायचे, ढिगाने विकले जाणारे फूल निवडले. त्यात कपडे घेऊन गेलेल्या परिटाची विरहाने वाट पाहणारे एक विडंबन आहे. प्रियेला शोभेल अशी आर्त भाषा, आणि मागणे काय, तर धुतलेले कपडे! आपण हसतो ते त्या काळच्या कवींच्या उसन्या विरहाला. पण घरात दोनच सदरे असण्याचे दिवस ज्याने काढले आहेत, त्याला हसता हसता जाणवते की परिटाची वाट खरोखरच इतक्या व्याकुळतेने पाहिली जाते. कदाचित प्रियेपेक्षाही! मग खोटे कोण, परिटाला आळवणारा की चंद्राला आळवणारा? तेथे विडंबनाचे बोट कवींवरून सरकून आपल्याकडे वळते.

याच्या उलट जातीचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचे पानी. एका शहरातल्या कविसंमेलनात एका विनोदी कवीने जंगलाकडच्या गड्याचे पात्र करून एक लांबलचक कविता म्हटली. कवितेत विनोद असा काही नव्हता. तो गडी 'पानी' म्हणाला की लोक हसत, 'डोरा' म्हणाला की लोट-पोट होत. गडी मूर्ख नव्हता, लबाड नव्हता, ढोंगीही नव्हता. तो फक्त त्याच्या आईची बोली बोलत होता. त्या हशात एकाही श्रोत्याला क्षणभरही असे वाटण्याची सोय नव्हती, की हा मीच आहे. अशा कवितेत झडती होत नाही, नुसता पहारा होतो: कोण आतला, कोण बाहेरचा. संस्कृत नाटकातला विदूषक प्राकृतात बोलतो हे मला ठाऊक आहे. पण तो राजाच्या शेजारी उभा राहून राजालाच चिमटे घेतो. त्या प्राकृताला राजाच्या कानाशी जागा होती. आमच्या गड्याला त्या सभागृहात खुर्चीसुद्धा नव्हती.

असो. आता सर्वांत अवघड गोष्ट, जिच्याकडे मी इतका वेळ पाहिले न पाहिल्यासारखे केले. तोरणाखाली मालकाच्या चिक्कूपणावर झडती झाली, मालक हसला, गाव हसला. पुढे काय? बैल घरोघर ओवाळून घेत फिरले, गड्याच्या हातावर बोजारा पडला. दर वर्षी पडतो तेवढाच. पुढचे साल ठरवताना हशाचा एक पैसाही हिशेबात धरला गेला नाही. म्हणजे हसणे ही न्यायाची बदली झाली काय? वर्षभराचा राग चार यमकांत वाजवून टाकला आणि मालकाला स्वस्तात सोडले, असे तर नाही? पोळ्याचा सणच पाहा ना. ज्याच्या मानेवर वर्षभर जू आणि पाठीवर तुतारी, त्याला एक दिवस पुरणपोळी! याहून मोठा उपरोध कोणत्या कवीने लिहिला आहे? आणि त्या तोरणाखाली ज्याला हसण्याचा खरा हक्क, तो मुका प्राणी तेवढा हसत नाही. अलीकडे गावात बैलजोड्या कमी आणि ट्रॅक्टर अधिक, म्हणून तोरणाखालची रांगही आखडली आहे. पण हा प्रश्न काही आखडलेला नाही.

माझा कल असा आहे. झडतीने न्याय होत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. कवितेकडून कचेरीचे काम होण्याची अपेक्षा करणे हाही एक विनोदच होईल. पण जे पाठीमागे कुजबुजले जाते आणि जे तोंडावर, यमकात, साऱ्या गावासमोर म्हटले जाते, त्यांत फरक आहे. म्हाताऱ्याचे शब्द पुन्हा आठवा. मालकाला हसावे लागले. 'लागले', या शब्दाला किंमत आहे. त्या चार ओळींपुरता तरी तो गावाला बांधील झाला. आपण कसे दिसतो हे गावाला ठाऊक आहे, हे त्यालाही कळले, आणि त्याला ते कळले हे गावालाही कळले. एवढे भांडवल घेऊन कोणी पुढे पंचायतीत उभा राहील की घरी जाऊन झोपेल, ते कवितेच्या हातात नाही.

भाऊबीज झाली की झाडीत मंडया भरू लागतील. धान कापणीला आलेले असेल, रात्री दंडारी होतील. पुढच्या ओळीत खुर्च्या मांडल्या जातील, त्यांवर गावची प्रतिष्ठित मंडळी बसतील. बाकीचा गाव मागे जमिनीवर, घोंगड्या पांघरून. सोंगाड्या कोणाचे नाव न घेता काही तरी बोलेल आणि हशा उसळेल. अशा वेळी मी रंगमंचाकडे पाहत नाही, खुर्च्यांवरच्या चेहऱ्यांकडे पाहतो. कोण आधी हसतो, कोण शेजाऱ्याकडे पाहून मग हसतो. मोठी करमणूक होते. मागची मंडळीही हेच करतात, खुर्च्यांकडेच पाहतात. आणि आताशा मला जी एक खुर्ची आग्रहाने दिली जाते, ती त्यांना तेथून चांगली दिसत असावी.